पांढऱ्या पिठल्याची संध्याकाळ

आमच्या संग्रहालयाच्या खाली खताचं गोदाम आहे. त्यामुळे शिरूरमध्ये इतिहासाला युरियाचा वास येतो. सवय झाली की येत नाही.

वर एक हॉल आहे आणि हॉलमध्ये इनामगावला उत्खननात सापडलेल्या वस्तूंच्या प्रती आहेत. मूळ वस्तू अभ्यासासाठी पुण्याला गेल्या. आमच्या वाट्याला फायबर आलं. त्यातली सगळ्यात मोठी प्रत चार पायांच्या रांजणाची. तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी कुणी एक वजनदार गृहस्थ वारले, तेव्हा त्यांना गुडघे पोटाशी घेऊन अशा रांजणात बसवलं आणि अंगणात पुरलं. शाळांच्या सहली येतात तेव्हा पोरं विचारतात, रांजणाला पाय कशाला? मी सांगतो, माहीत नाही. इतिहासाचा प्राध्यापक असल्यामुळे हे वाक्य मी पूर्ण आत्मविश्वासानं म्हणू शकतो.

मी शिरूरच्या कॉलेजात शिकवतो, राहायला दौंड तालुक्यात केडगावला आहे, आणि संग्रहालयाचा मानद संचालक आहे. मानद म्हणजे किल्ली माझ्याकडे असते.

२००४ सालच्या फेब्रुवारीत आनंदराव चेअरमन जिना चढून वर आले. गोदाम त्यांच्या सहकारी संस्थेचं, संग्रहालयही त्यांचंच. ते खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "सर, शेफ सत्यजीत येतायत."

"कोण?"

चेअरमननी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "टीव्ही बघत नाही तुम्ही? दर रविवारी असतो. आमच्या घरी सगळ्या सुना एका जागी बसून बघतात."

"मग करतात का काही त्यातलं?"

"करायला कशाला पाहिजे? शांत बसतात, हे काय थोडं झालं?"

शेफ सत्यजीत पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात होते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संग्रहालयांत जाऊन तिथल्या मातीतल्या जेवणाला सलाम करायचा, असा त्यांनी कार्यक्रम आखला होता. सलाम एक तासाचा असे. त्यानंतर निमंत्रितांना भोजन. सगळ्याचं चित्रीकरण होई. आमच्या जिल्ह्यात त्यांना संग्रहालय म्हणून आम्ही कसे सापडलो हे मी विचारलं नाही. चेअरमनचे पाहुणे सगळीकडे आहेत.

आधी त्यांच्या ऑफिसातल्या अनिता मॅडम संशोधनाला आल्या. अडीच दिवसांत जेवणाचं संशोधन उरकायचं होतं. त्यांना फिरवायला संस्थेनं भिमाची जीप दिली, आणि सोबत मला दिलं.

भिमा वरवंडचा. धनगराचं घर. आजोबांपर्यंत मेंढरं, बापापासून ऊस आणि भिमापासून जीप. बोलायला मोकळा माणूस. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि वाटेत त्यांनी त्याला विचारलं, "दादा, तुमच्याकडे असं एखादं जेवण आहे का, जे सगळं गाव मिळून एका घरासाठी करतं? काहीतरी कम्युनिटीचं?"

भिमानं गिअर बदलला. विचार केला. "लग्नाचं आता आचारी करतो."

"तसं नको."

"जत्रंचं मटन हाय."

"नाही नाही, स्पॉन्सर व्हेजिटेरियन आहेत."

"मग कडू घास हाय," भिमा म्हणाला.

"कडू घास!" मॅडमनी ते दोन शब्द तीन वेळा म्हणून पाहिले. "काय सुंदर नाव आहे. कसं करतात?"

भिमानं सांगितलं. बाजरीची भाकरी आणि बेसनाचं पिठलं. फोडणी घालायची नाही, हळद घालायची नाही. ज्या घरी न्यायचं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, म्हणून भावकीनं आणि सोयऱ्यांनी आपापल्या चुलीवर करून न्यायचं. आणि त्या घरच्या माणसाला पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा.

मॅडमनी भाकरी कशी थापतात ते विचारलं, पीठ कुठल्या जात्याचं ते विचारलं, पिठलं नेमकं किती पांढरं दिसतं तेही विचारलं. कधी करतात, हे काही त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच मागून म्हणालो, "मॅडम, हे मयताच्या घरचं जेवण आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या, "म्हणजे कम्फर्ट फूड."

व्याख्या चुकीची नव्हती.

चेअरमननाही मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सर, माणसं पुण्याची आहेत. त्यांना काय ठाऊक? आणि आपल्या लोकांना मी सांगतो, घरून जेवून या." प्रश्न मिटला. पुढे आठवड्याभरात शेफसाहेबांनी फोटोत चार पायांचा रांजण पाहिला आणि त्याच्या आकाराच्या दोनशे छोट्या वाट्या कुंभाराकडून करून घ्यायला सांगितल्या. पिठलं त्यात वाढायचं होतं. तो रांजण कशाचा होता, तेही मी कळवलं. तिकडून उत्तर आलं: सुपर्ब. मयताचं जेवण आणि मयताचं भांडं. इतकी संगती आमच्या संग्रहालयात आजवर कशातच नव्हती.

राहिली भाकऱ्या करणारी बाई. त्यासाठी मॅडमनी वरवंडला चारपाच घरांत चुली पाहिल्या, आणि भिमाच्या घराला लागून असलेल्या खोलीत त्याची भावजय अनसाबाई चुलीपुढे बसली होती तिथं थांबल्या. "ह्याच," त्या म्हणाल्या. "चेहरा किती ऑथेंटिक आहे."

भिमानं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.

"मावशी, याल ना शिरूरला?"

"व्हय," अनसाबाई म्हणाली. तिला काहीही विचारलं तर ती व्हयच म्हणते. विचारलेलं ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता अनसाबाईचं सांगायला हवं.

तिचा नवरा बिरदेव, म्हणजे भिमाचा थोरला भाऊ. बापानं ऊस लावला तरी त्या घरात शेवटपर्यंत मेंढरं राखली ती त्यानंच. आठ वर्षांमागे दिवाळीनंतर तो दुसऱ्या दोन घरांबरोबर कळप घेऊन कोकणच्या बाजूला उतरला. वाटेत एका मुक्कामावर सकाळी त्याचं घोंगडं होतं, काठी होती, मेंढरं होती. तो नव्हता. बाकीच्यांनी चार दिवस शोधलं. मग मेंढरं परत आली.

त्यानंतर बिरदेव बऱ्याच जणांना दिसला. कुणाला सोलापूरच्या स्टँडवर, कुणाला कल्याणच्या एका हॉटेलात कपबशा विसळताना. भिमा प्रत्येक ठिकाणी जाऊन आला. वर्ष झालं तशी भावकी बसली आणि ठरलं, की आता मेलाच म्हणायचं. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, दहावा घालायचा. पण त्याआधी बायकोनं कडू घास खाल्ला पाहिजे. तिनं खाल्ला की माणूस गेला. त्याशिवाय जात नाही. आमच्याकडे सरकार डॉक्टरच्या सहीवर विश्वास ठेवतं, भावकी ठेवत नाही.

भावकीनं पिठलं-भाकरी नेली. अनसाबाईनं ताटाला हात जोडले आणि ताट परत दिलं. भांडली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या वर्षी नेली, तिसऱ्या वर्षी तिच्या माहेरच्यांनी नेली. तेच. मग नेणं थांबलं. ती कुंकू लावत राहिली, शेतात जात राहिली आणि कुणी काही विचारलं की व्हय म्हणत राहिली.

हे असंच चाललं असतं. पण भिमाच्या धनश्रीचं लग्न जमलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जीप मला न्यायला केडगावला आली. मागे अनसाबाई बसली होती. तिच्या पायाशी काठवट, तवा आणि पिठाचा डबा. तिला थोडं कमी ऐकू येतं असं भिमाचं मत होतं, आणि जीप चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं बोलायला सुरुवात केली.

"सर, कासुर्डीची सोयरीक मोडती आता."

"का?"

"मोडती म्हंजी, मोडली न्हाई. पोरगा चांगला हाय, कंपनीत हाय, आय-बाप बी चांगलं. त्यांचं म्हननं एकच. म्हनले, हळदीला पाच सवाशिणी बसत्यात, त्यात चुलतीचा मान पहिला. तर तुमची ही चुलती बसनार का न्हाई, एवढं एकदा सांगा."

"मग?"

"मग काय? बसवली तर ते म्हनत्यात, नवऱ्याचा पत्त्या न्हाई आन् आमच्या सुनंला हळद हिच्या हातची. न्हाई बसवली तर आमीच कबूल केलं, की ती..." त्यानं आरशात मागं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, मला कायबी चालंल. सवाशीण चालंल, रांडव चालंल. पण मधी किती दीस लटकायचं मानसानं?"

"त्यांना विचारलंत?"

"काय विचारू? व्हय म्हनती."

मागून अनसाबाई म्हणाली, "भावजी, गाडी हळू घ्या. डबा सांडतोय."

भिमानं गाडी हळू घेतली. मग न्हावरं आलं. तिथं त्यानं चहा सांगितला, वहिनीचा ग्लास मागे नेऊन दिला, आणि परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. "मला आज सकाळपासनं येकच वाटतंय," तो म्हणाला. "आज तिथं कडू घासच हाय की. भावकीची दोन गाड्या मानसं चेअरमननं बोलावल्यात. आन् ते मॅडमचं काय ठरलंय माहिती हाय का? पहिला घास ज्या बाईनं केलं तिला साहेब भरवनार. शूटिंग हाय."

"पण ती स्वतःच करणार ना? स्वतःच्या हातचा कडू घास होत नाही."

"न्हाईच होत," भिमा म्हणाला. त्यानं चहा संपवला. "पण पिठलं साहेबच करनार, आन् एक भाकर बी थापनार हाय. मॅडमच म्हनल्या."

त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. फक्त हिशेब त्याच्या लक्षात आला होता, आणि लक्षात आल्यापासून त्याची भूक गेली होती. पुढ्यातली भजी त्यानं मला दिली.

संध्याकाळी गोदामापुढचं आवार ओळखू येत नव्हतं. खताची पोती एका बाजूला रचून त्यावर नऊवारी साड्या पांघरल्या होत्या. फायबरचा रांजण खाली आणून मधोमध ठेवला होता आणि त्याच्या आत दिवा. पुढच्या चार रांगांत पुण्याचे आणि तालुक्याचे पाहुणे, मागे आमची माणसं. मागची माणसं जेवून आली होती आणि आळीपाळीनं ढेकर देत होती.

शेफ सत्यजीत पांढऱ्या कोटात आले. चाळिशीचा, गोरा, हसतमुख माणूस. त्यांनी आधी मातीला नमस्कार केला. ती काँक्रीट होती. मग माइक घेऊन ते बोलले. आपण सगळे मुळांपासून तुटलो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. मी त्यांच्यावर हसायला तयार बसलो होतो, पण माणूस खोटा नव्हता. त्यांना जे माहीत नव्हतं ते सगळं त्यांना मनापासून आवडत होतं.

"आज मी तुम्हाला एक शब्द देणार आहे," ते म्हणाले. "कडू घास."

मागच्या रांगांमधले ढेकर थांबले.

"ह्या पिठल्यात हळद नाही. फोडणी नाही. काहीही लपवायला जागा नाही. एका घरासाठी सगळं गाव आपापली चूल पेटवतं. जगातल्या कुठल्या किचनमध्ये हे आहे? मी पॅरिसला राहिलोय. तिथं नाहीये."

"पॅरिसात मरत न्हाईत वाटतं," माझ्या मागे एक म्हातारा म्हणाला.

"गप आप्पा," त्याच्या शेजारचा म्हणाला. "चेअरमन बघत्यात."

तीन दगडांच्या चुलीपुढे अनसाबाई बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि कॅमेरावाल्याच्या सांगण्यावरून अंगावर कुणाची तरी हिरवी साडी. ती एकामागून एक भाकऱ्या टाकत होती. पुण्याच्या बायका पुढे वाकून बघत होत्या. एकीनं विचारलं, "मावशी, ही फुगते कशी हो?" अनसाबाई म्हणाली, "व्हय."

मग शेफसाहेब कोटाच्या बाह्या दुमडून तिच्या समोर मांडी घालून बसले. पीठ मळलं. हॉटेलातला हात, मळणं ठीक होतं. थापायला घेतल्यावर भाकरी एका बाजूला पातळ झाली आणि कडेला फाटली. तव्यावर टाकताना घडी पडली. ते स्वतःवर मोठ्यानं हसले, सगळे हसले. अनसाबाईनं उलथन्यानं घडी सरळ करायला हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला. भाकरीला ती शिवली नाही. ते मी पाहिलं. भिमा माझ्या बाजूला उभा होता, त्यानंही पाहिलं.

"हिला समजलं," तो पुटपुटला.

शेफसाहेबांनी चार पायांची वाटी उचलली, भाकरीचा तुकडा मोडला, पांढऱ्या पिठल्यात बुडवला आणि माइक अनिता मॅडमच्या हाती देऊन अनसाबाईकडे वळले. "परंपरा सांगते, पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा. मावशी, आज तो मान मला द्या."

घास तिच्या तोंडापुढे आला. कॅमेरा खाली बसला. मागच्या रांगांत वरवंडची दोन गाड्या माणसं होती, त्यांतली एक बाई "आगं आई" म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

त्या वेळी भिमा पुढे गेला. मला वाटलं, हा आता 'घ्या वहिनी' म्हणणार. सात वर्षं तो ह्या एका घासाची वाट बघत होता आणि पोरीचं लग्न त्यावर अडलं होतं. तो खुर्च्यांच्या मधून वाट काढत चुलीपाशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "साहेब, त्यो नगा. हिकडची भाकर घ्या, वहिनीनं केल्याली. तुमची कच्ची हाय."

"कच्ची नाहीये हो," शेफसाहेब हसून म्हणाले.

"कच्ची हाय साहेब. पोट दुखंल तिचं. ही घ्या, ही." त्यानं टोपलीतून एक भाकरी उचलून पुढे केली. पुढच्या रांगेत चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "भिमा, मागं हो."

अनसाबाईनं दिराकडे पाहिलं. "राहू द्या भावजी," ती म्हणाली.

"वहिनी, आवो..."

"मी बघितलीया थापताना. ह्यांचीच हाय." मग ती शेफसाहेबांकडे वळली. "तुमीच केली न्हवं?"

"मीच मावशी, अगदी माझ्या हातानं."

"माझा हात लागला न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही!" ते अभिमानानं म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. घास खाल्ला. सावकाश चावला, गिळला, पाणी मागितलं. चेहऱ्यावर काही झालं नाही. निदान मला तरी दिसलं नाही, आणि पुढे टीव्हीवर जवळून दाखवलं त्यातही दिसलं नाही.

आमच्याकडे घास खाल्ला की बसायला आलेली माणसं उठतात. तोवर बसून राहायचं असतं. मागच्या रांगांतली वरवंडची माणसं एकेक करून उभी राहिली. म्हातारेकोतारे, बायका, सगळी, कुणी न बोलता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं. सगळा गाव उभा होता. त्यांचे डोळे पाणावले आणि त्या उठल्या. मग त्यांचे मिस्टर उठले. मग पुढच्या चारही रांगा उभ्या राहिल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या बराच वेळ चालल्या. शेफसाहेबांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

टाळ्या थांबल्यावर अनसाबाईनं काठवट बाजूला सारली, हात धुतले आणि उठली.

"मावशी, भाकऱ्या?" अनिता मॅडम म्हणाल्या. "अजून दीडशे लोक आहेत."

"आता मला चुलीला शिवता यायचं न्हाई."

"का?"

अनसाबाईनं मॅडमकडे पाहिलं. काहीतरी सांगणार होती, पण ते पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. "चालत न्हाई," ती म्हणाली, आणि जीपकडे गेली.

वरवंडच्या बायकांपैकी कुणी चुलीला बसेल म्हणून मॅडमनी हातापाया पडून पाहिलं. कुणी बसेना. त्या आता सुतकात होत्या. शेवटी चेअरमननी माणूस पाठवून बेकरीतून स्लाइस ब्रेड आणवला. शेफसाहेबांनी तो तव्यावर भाजून, तिरका कापून, पांढऱ्या पिठल्याबरोबर दिला. पाहुण्यांना फार आवडला. एका पेपरात नंतर आलं, की परंपरा आणि आधुनिकता ह्यांचा इतका संयत मिलाफ क्वचितच पाहायला मिळतो. चेअरमननी ते कात्रण फ्रेम करून रांजणाशेजारी लावलं आहे. आमच्या संग्रहालयातली ती एकमेव मूळ वस्तू.

आम्ही निघालो तेव्हा पुरतं अंधारलंही नव्हतं. मागे अनसाबाई, तिच्या पायाशी काठवट आणि तवा. हिरवी साडी तिनं परत केली होती. बराच वेळ भिमा समोरच्या रस्त्याकडे बघून गाडी चालवत होता. ट्रक येई, तो दिवा खाली करी, ट्रक जाई.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "मी आडवा आलो हुतो."

"बघितलं."

"मंग का खाल्ला?"

तिला ऐकू आलं नसावं असं मला वाटलं.

"तुमी आनायचा तवा तुमाला पायजे असायचं," ती म्हणाली. "पयल्या साली आत्याबाईंना, तुमच्या आयला, पायजे हुतं, त्यांचा जीव अडकला हुता. मंग भावकीला पायजे हुतं. माज्या बापाला पायजे हुतं, म्हंजी मी माघारी जाती. आवंदा तुमाला पायजे, पोरीसाठी. सगळ्यांचं खरंच हुतं. पन ज्याला त्याला त्यो मरायला पायजे हुता." ती थांबली. "ह्या साहेबाला कायबी नको हुतं. त्याला तर ठाऊक बी न्हाई त्यानं काय भरवलं."

भिमानं आणखी एका ट्रकसाठी दिवा खाली केला.

"कुनीतरी तसा घास आनला असता तर मी कवाच खाल्ला असता," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "मीठ बरूबर हुतं."

मी प्राध्यापक आहे. अशा वेळी काहीतरी बोलावं अशी माझ्याकडून अपेक्षा असते. मी खिडकीची काच वर केली. ती अर्ध्यावर अडकते.

केडगावला मी उतरायचा होतो. पण चौफुल्यावरून भिमानं गाडी सरळ वरवंडकडे घेतली. त्याच्या लक्षातही आलं नाही आणि मीही आठवण केली नाही. त्याला त्या वेळी शेजारी कुणीतरी बसलेलं हवं होतं, एवढं मला कळत होतं. कुणी का असेना.

घरापुढे धनश्री उभी होती. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली असावी. वीसेक वर्षांची, तरतरीत, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. "किती उशीर! टीव्हीवर कधी दाखवणार?" ती म्हणाली आणि काठवट घ्यायला पुढे झाली. "काकी, जेवलीस का? मी भाजी ठेवलीया."

"कडू घास खाऊन आले," अनसाबाई म्हणाली.

धनश्रीनं बापाकडे पाहिलं. भिमा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. गाडी बंद केली होती आणि उतरत नव्हता. पोरगी तिथंच उभी राहिली, काठवट छातीशी धरून. काकीच्या कपाळाकडे तिनं बघितलं आणि नजर खाली घेतली. हे लग्न तिचं होतं. ते आता सुरळीत होणार होतं, आणि ते कशामुळे, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कुनी भरवला?" तिनं विचारलं.

"टीव्हीत असतो म्हनं." अनसाबाई जीपमधून सावकाश खाली उतरली. उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. "हात लय मऊ हुता. तू आता सवाशिणीत तुझ्या मामीला बशीव पयली. तिला आत्तापासनं सांगून ठेव, न्हाईतर ऐनवेळी रुसती."